बेलपानांखालचं पाणी

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सकाळी हिचा ताप उतरला, तेव्हा मी महादेवापुढे पेढा ठेवला आणि हात जोडले. गुरुवारपासून ताप होता. डोळ्यांच्या मागे ठणका, हाडं मोडल्यासारखं अंग. रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलखेरीज दुसरी कुठलीही तापाची, दुखण्याची गोळी द्यायची नाही म्हणून बजावलं, भरपूर पाणी पाजायला सांगितलं. ताप गेल्यावरही दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, असंही ते म्हणाले होते. ते मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. चार दिवसांच्या जागरणाने मी इतका थकलो होतो की ताप गेला, एवढंच मला पुरेसं वाटलं.

ही मात्र उठेना. पोटात दुखतंय म्हणाली, दोनदा ओकली, मग "झोपू द्या मला" म्हणून भिंतीकडे वळली. अशक्तपणा आहे, असं मी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर मलाही झोपायचं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात आमची मासेवाली मावशी. उरणकडची, पंधरा वर्षं आमच्या मजल्यावर येणारी. श्रावण लागायच्या आधी मीच तिला सांगितलं होतं, महिनाभर आमच्याकडे फिरकू नकोस, घरात रोज अभिषेक असतो. आज तिच्या टोपलीत मासळीऐवजी करटोलीची रानभाजी होती. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "आज नको, ही आजारी आहे." तिने टोपली दाराबाहेर ठेवली, मला बाजूला सारलं आणि थेट आत जाऊन हिचा हात हातात घेतला.

"भाऊ, हात गार पडलाय. लघवीला कवा गेलती?"

त्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"ताप गेला म्हंजे दुखना गेला नाय. माज्या सुनेचा पन असाच उतरलेला. आमी खुश झालो, घरानच ठेवली." तिने हिला उठवून बसवलं. "आता थांबू नका. रिक्षा बोलवा."

त्या सुनेचं पुढे काय झालं, हे विचारायची गरज उरली नाही. मावशीने हिला धरून जिना उतरवला. पनवेलच्या खड्ड्यांतून रिक्षा जात असताना मी मनात नुसतं 'देवा, देवा' करत होतो, त्याला काय मागावं तेही सुचत नव्हतं. दवाखान्यात लगेच सलाइन लावलं. रक्तदाब फार खाली गेला होता. संध्याकाळपर्यंत घरी ठेवलं असतं तर कठीण होतं, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले, आणि मी बाकावर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी हिचे कपडे न्यायला घरी आलो. गॅलरीत माझं पिंप होतं. अभिषेकाचं तीर्थ पायदळी जाऊ नये, मोरीत तर मुळीच नाही, म्हणून श्रावणभर ते पिंपात साठवायचं आणि शेवटी झाडांना घालायचं, हा माझा नेम. ही दरवर्षी म्हणायची, अहो, रोजच्या रोज ओतून टाका. मी म्हणायचो, तुला यातलं कळत नाही. त्या दिवशी वरची बेलपानं हाताने सारली, तर खाली बारीक अळ्या वळवळत होत्या. हिला चावलेला डास त्यातलाच होता की बाहेरचा, कोण सांगणार? मी मात्र स्वतःला माफ करू शकलो नाही. ते पाणी खाली नेऊन छपराखालच्या कोरड्या मातीवर ओतलं, पिंप आतून खरवडून घासलं आणि उन्हात पालथं घातलं. त्या दिवशी माझ्याकडून तेवढीच पूजा झाली.

ही पाच दिवसांनी घरी आली. पुढच्या आठवड्यात मावशी आली तेव्हा मी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "मी नको म्हटलं होतं, तरी त्या दिवशी कशी आलीस?"

"तुमी नको बोललेलाव. पन दुखन्याच्या आधी बाय जिन्यात भेटलेली, बोलली, त्यांच्या बोलन्याचा राग धरू नको, करटोली घेऊन ये."

ही आतून नुसती हसली. मी खाली मान घातली. ज्या महिन्यात मी देवाला रोज घरी बोलावत होतो, त्याच महिन्यात या बाईला येऊ नकोस म्हणून सांगून बसलो होतो. देव आला तो हिच्या निरोपावर, मावशीच्या पायांनी.

आता अभिषेकाला पळीभर पाणी घेतो आणि लगेच तुळशीला घालतो. काही साठवत नाही. देवापुढे बसलं की आता मागणं सुचत नाही. हात जोडतो आणि मग उठून हिला विचारतो, "पाणी प्यायलीस का?"