आत्यानं राखलेली ओळ

दोर वळणाऱ्या आत्याचा माणसांवर विश्वास कमी, दोरावर जास्त. दोर तुटण्याआधी कुरकुरतो तरी. माणूस तेवढंही करत नाही, असं ती म्हणे. तिच्या वडिलांनी दोर वळताना म्हणायचं गाणं एका पाहुण्याला शिकवलं, आणि वर्षभरात ते रेडिओवर पाहुण्याच्या नावानं वाजलं. त्यानंतर वडील मुक्यानंच दोर वळत राहिले.

म्हणून भाचीनं सॅक्सोफोनवाला घरी आणला, तेव्हा आत्यानं आधी त्याच्या खिशांकडे पाहिलं.

"हे गाणं आम्हाला जॅझमध्ये घ्यायचंय," तो म्हणाला. "तुमचा एक पेड, आमचा एक. दोन्ही पिळून एक दोर."

"आणि दोर कुणाच्या दावणीला?" आत्यानं विचारलं.

"सुंभ जळेल, पण आत्या, तुझा पीळ जायचा नाही," भाची हसली.

आत्यानं गाणं शिकवलं, शेवटची ओळ सोडून. ती ओळ म्हणत मनगटाला उलटा झटका द्यायचा, म्हणजे पीळ बसतो. झटका चुकला तर दोर हातातून सुटताच उलगडतो. चोराला उलगडणाराच दोर द्यावा, असा तिचा विचार.

तो मात्र रोज येई. पेडाचं टोक धरून दोर वळायच्या शेडभर उलट्या पावलांनी चाले. तळहाताला फोड आले. आठव्या दिवशी म्हणाला, "आत्या, शेवटाला काहीतरी राहतंय. कानाला नाही, हाताला कळतंय."

"हातच नवखे आहेत तुझे," आत्या म्हणाली. त्या दिवशी तिचा स्वतःचा दोर दोनदा चुकला.

कार्यक्रमाला ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. चोरी दिसली की उठून जाता यावं म्हणून. त्यानं सुरुवातीलाच तिच्या वडिलांचं नाव सांगितलं. नाव घ्यायला काय जातं, तिला वाटलं. मग ड्रमवर दोरवळ्यांच्या पावलांची चाल लागली आणि सॅक्सोफोन त्या चालीला वेढे घालत निघाला.

शेवट आला तशी सगळी वाद्यं थांबली. ओळ जिथं हवी, तिथं मोकळी जागा. त्यानं पदरचं काही भरलं नव्हतं.

हा गळ असेल, आत्याच्या मनात आलं. पण मांडीवरचं मनगट आपोआप उलटं फिरलं, आणि मनगटामागून गळा.

ओळ संपली. सॅक्सोफोनवाल्यानं ती वाजवून पाहिली नाही. मान लववली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

दुसऱ्या सकाळी तो शेडमध्ये आला. आत्यानं पेडाचं टोक पुढे केलं.

"धर. आता झटका शिकवते."

आणि तो हात पुढे करेपर्यंत तिनं त्याच्या खिशांवरून एकदा नजर फिरवलीच.