देवाकडं पाठ

आठवीत शाळा सुटली. वाशिमकडच्या गावातून नवऱ्यामागं इंदूरला आले, आणि इथं सांवेर रोडच्या एका गोदामात मला काम मिळालं ते उभं राहण्याचं.

आग लागली तर आत कोण राहिलंय ते बाहेरून कळावं, म्हणून तिथं वाय-फायची यंत्रणा बसवत होते. माणूस मधे आला की लहरी अडतात, आणि त्यावरून तो कुठं आहे ते कॉम्प्युटर सांगतो. खिशात मोबाईल असो-नसो. पण माणूस कुठं आणि कुणीकडं तोंड करून उभा असला की लहरी कशा अडतात, ते आधी त्याला शिकवावं लागतं. फरशीवर टेपच्या फुल्या होत्या. प्रत्येक फुलीवर चारी दिशांना तोंड करून दोन-दोन मिनिटं उभं राहायचं आणि हातातलं बटण दाबायचं. काम देणाऱ्या इंजिनिअर मॅडम इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी माझी शाळा विचारली नाही. ते उपकार मी विसरत नाही. तरी काम जाईल ही धास्ती सुटत नव्हती.

चाचणीच्या दिवशी पॅकिंगवाले दादा कोपऱ्यातल्या टेबलाशी उभे राहिले, की स्क्रीनवरचा त्यांचा ठिपका गायब व्हायचा. मॅडमनी तीनदा शिडीवर चढून वरचा राऊटर तपासला.

"अरे यार, राऊटरच खराब दिसतोय. बदलायला सांगते."

कारण माझ्या लक्षात आलं. त्या कोपऱ्यात भिंतीवर लाकडी देवघर आहे. तिथल्या तीन फुल्यांवर मी देवाकडं पाठ केलीच नव्हती. त्या दिशेच्या वेळीही देवाकडंच तोंड ठेवून बटण दाबलं होतं. गप्प बसले असते तर दोष राऊटरवर गेला असता, पण दादा दिसले नसतेच.

"मॅडमजी, राऊटर चांगला आहे. चूक माझी आहे," म्हणत मी सगळं सांगितलं.

दादा हसायला लागले. "मी तर रोज पाठ करूनच पॅकिंग करतो, बाई. आता माझं काय होणार?"

"तुमचं झालंच, भिया. गायब झालात ना," मॅडम शिडीवरून इंदुरी ढंगात दादांना म्हणाल्या. मग मला, "आधी बोलायचं ना. चल, परत घेऊ. कर पाठ."

माझे पाय वळेनात. दादांनी हात पुसले आणि देवघराचा पडदा ओढला, रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर ओढतात तसा.

"घे. देव आराम करतायत."

"कापडानं सिग्नलला काही होत नाही," मॅडम म्हणाल्या.

तिन्ही फुल्यांवर मी पाठ करून उभी राहिले. दुपारी दादा टेबलाशी गेले, तेव्हा ठिपका जागेवर राहिला.

मॅडमनी पुढच्या गोदामाचा नकाशा माझ्या हातात दिला. "तिथं देव कुठं आहे ते आधी बघून सांग. पडदा घेऊनच जाऊ."

घरी पोचेपर्यंत तो नकाशा मी पिशवीत दोनदा चाचपून पाहिला.