पुसलेला अंगठा

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. सूरजागडच्या पायथ्याशी एका गावात मी अभ्यासासाठी लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायला गेलो होतो. संमतीचा कागद माझ्या वकील मित्राने लिहिला होता. तो गोंडीत समजावून सांगायला आमच्या बैलगाडीचा गाडीवान होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून मान हलवली आणि अंगठ्याला शाई लावून घेतली. गाडीवानाने तो अंगठा कागदावर टेकण्याआधी वरच धरला आणि म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “त्याले वाटते, रक्त देल्लं का आपला ताप जाते.” खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्याने शाई पुसली आणि पहिल्यापासून सांगायला बसला.

मी चिडलो. “अरे, मान हलवली ना त्याने?”

“साहेबाले पाह्यलं का आमची मान आपोआप हालते,” तो म्हणाला. “ते ‘हो’ नसते.”

सगळं समजल्यावर म्हातारा नको म्हणाला. गाडीवान समाधानाने उठला, जणू काम फत्ते झालं.

आता मी डॉक्टरकीच्या आणि वकिलीच्या मुलांना एकाच वर्गात संमती शिकवतो. सगळ्या माना एकदम हलल्या की खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, “मी काय सांगितलं, ते आता तुम्ही मला सांगा.”