पाच मिनिटांचं प्रास्ताविक

गायकाची ओळख करून द्यायला मला पाच मिनिटं दिली होती आणि मी अडतीस मिनिटं बोललो.

एरवी मी बोलल्याने कोणाचं काही बिघडत नाही. शाळेत जन्मभर तेच केलं. पण हे गृहस्थ मुंबईहून लाँचने आलेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे, आणि मांडव्याहून परतीची शेवटची लाँच सहाची. आमच्या वाचनालयातून सव्वापाचला निघणं भागच होतं. आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं होतं, "तीनच गाणी म्हणतो. तिसरं नवीन आहे, अजून कोणाला ऐकवलेलं नाही." मग गिटार लावली आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. प्रवासाने पार दमले होते.

मी माइक धरला. चाळीस वर्षांचं प्रेम साठलेलं, करणार काय? त्यांची पहिली कॅसेट मी वाजवून वाजवून संपवली होती. खाली रॉकचा ठोका, वर जॅझचे वाट चुकल्यासारखे सूर, आणि ध्रुवपद इतकं सोपं की भांडी घासताना म्हणावं. रेशनच्या रांगेवरच्या त्यांच्या गाण्यात शब्द ठोक्यावर पडतच नाहीत. ठोका पुढे जातो आणि शब्द मागून येतात, उभं राहून पाय भरून आलेल्या माणसासारखे. हे सगळं मी सांगितलं. मग जॅझ म्हणजे काय तेही सांगितलं, जे मला स्वतःला निम्मंच कळतं. वर तोंडाने ट्रम्पेट वाजवून दाखवला. पहिल्या रांगेतून बायकोने मनगटावरचं घड्याळ दाखवलं, तर मी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढे निघालो.

त्यानंतर शाल, श्रीफळ, अध्यक्षांचे दोन शब्द. तोवर दमट हवेने गिटार उतरली होती. त्यांनी ती घाई न करता पुन्हा लावली आणि दोन गाणी म्हटली. दुसऱ्याच्या शेवटी आवाज चिरकला. त्यांनी तो सावरला नाही, चिरकलेल्या आवाजातच ओळ शेवटपर्यंत नेली. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग घड्याळाकडे बघून त्यांनी गिटार खोळीत घातली.

जेट्टीपर्यंत रिक्षात मी सोबत होतो. रिक्षावाला गावातलाच, कार्यक्रमभर दारात उभा राहून ऐकत होता. नवं गाणं वाटेत नुसतं गुणगुणाल का, असं मी विचारलं. आजचा गळा संपला, म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण रागवायलाही अंगात काही शिल्लक लागतं. ते बाहेर बघत राहिले. मलाही एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"पुढच्या वर्षी नक्की या," मी म्हणालो. "आधी नवं गाणंच घेऊ."

त्यांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"बोलवा की त्यांना. पन गुरुजी, तवा तुमी घरीच ऱ्हावा."