पयले धन्यवाद

"थांब वो, पयले धन्यवाद!"

घास तोंडाजवळ नेला का पाळकीनबाई माहं मनगट धरे. डोळे झाके, अन् मंग देवाजवळ एकेकाचं नाव घे. पानी, तांदूळ, चूल, गावातली सारी मानसं, भांडखोरबी. तवरीक भात थंडा.

तुमीबी पाहाली असन अशी एखादी. लाखनीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर थे एकच. तिचा नवरा पाळक म्हनून आलता, इथंच मेला. बाई गेली नाई. तलावाच्या पाळीखाली खोली, लोकाईचे कपडे शिवे. मी शेजारीन, धिवराची.

आमच्यात गडी जाळं टाकते, बाई मासोळ्या इकते. माहा मालक तापानं गेला अन् जाळं भितीलेच टांगून राह्यलं. पोरी लहान. टोपली घेऊन बाजारात जावं, त टोपलीत ठेवू काय? दीर म्हने, "बाईमानसानं तलावात उतरनं शोभते का, वयनी?" मी धानाच्या रोवन्याची मजुरी केली. रोवना सरला, चूल थंडी झाली. रडून पोट भरत नाई, म्हनून रडली नाई.

एक दिवस बाई पुस्तक घेऊन आली. वाचून सांगतलं, का कोळी लोकं रातभर जाळं टाकून थकले, एक मासोळी लागली नाई. येशू म्हने, पुन्हा टाका.

मी म्हटलं, "बाई, रातभर नाई लागली थे दिवसा लागन का? सांगनारा धिवर व्हता का?"

"नाई वो. सुतार."

"सुतार! अन् थो धिवराले शिकवते?"

बाई हासली. मीबी हासली, मालक गेल्यापासून पयल्यांदा. मंग थे भितीवरल्या जाळ्याकडं पाहून म्हने, "पर त्याईनं टाकलं." तेवढंच बोलली, अन् घरी गेली.

सकाळी मी भितीवरचं जाळं काढलं अन् तलावात उतरली. बाई पाळीवर डोळे झाकून उभी. दीरबी आला, कमरेवर हात ठेवून. पयल्या खेपेले शेवाळ निंगालं, अन् एक फाटकी चप्पल.

"धन्यवाद!" बाई वरून वरडली.

"कायचा वो? चपलेचा?"

"तू नाई नं पडली पान्यात!"

दीराले हासू आवरेना. हासत हासतच पान्यात उतरला. म्हने, "दोरी मनगटाले बांध, वयनी. अशी." मंग कोनी अडवलं नाई.

थ्या दिवशी मूठभर झिंगे लागले. बाईच्याच चुलीवर शिजवले. तिनं माहं मनगट धरलं, डोळे झाकले. आमी डोळे उघडले त ताटली सफा, मांजर मिशा चाटून राह्यली.

बाई म्हने, "तिनं आपल्या आधी आमेन म्हटलं."

सुका भात खाल्ला. तवापासून मी एक डोळा उघडा ठेवाले लागली. बाई रागवे, "देवावर भरोसा नाई का तुहा?"

"देवावर हाये. मांजरीवर नाई."

थ्याच जाळ्यावर पोरी मोठ्या झाल्या, सासरी गेल्या. बाई मागच्या हिवाळ्यात गेली. भंडाऱ्याहून तिची मानसं आली, त्याईनं गानी म्हटली. मले गानी येत नाई, मी पायाशी बसून राह्यली. दीर म्हातारा झाला, तरी खड्डा खांदू लागला.

थ्या मांजरीची नात आता माह्या घरी रायते. मी जेवाले बसली का घास तोंडापाशी जाते, अन् थांबते. मनगट धराले कोनी नाई. मी आता दोन्ही डोळे झाकतो. मांजरीनं खाल्लं त खाल्लं.