कडूबाईची ओली पऱ्हाटी

तलवाड्याच्या शिवारात कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उपटावी तर कडूबाईनं. लोखंडी चिमट्यात बुडखा धरला, की एका हिसक्यात मुळासकट वर. तिची धाकटी जाऊ शिवकन्या दोन ओळींतच हाताला फोड आणून बांधावर बसायची.

गावाजवळ शेतातल्या काड्या जाळून वीज करणारा कारखाना आला आणि सगळं उलटंच झालं. बारावी शिकलेल्या शिवकन्येला फाटकावर काम मिळालं. आलेल्या पऱ्हाटीत मशीनची टोकं खुपसून ओल बघायची. ओली असली तर ट्रॉली परत, कारण ओल्या काडीनं भट्टी मंदावते. मोठमोठे बागाईतदार तिला मॅडम म्हणू लागले. कडूबाईचा जळफळाट झाला.

"काड्या टोचती अन् म्हणं मॅडम!" ती नवऱ्याला, बंकटला म्हणाली. त्यानं आणखी एक भाकरी मागितली. तिला त्याचाही राग आला.

आपली ट्रॉली भरताना तिनं मधल्या थरात त्याच दिवशी उपटलेली हिरवी पऱ्हाटी दडवली. जावेला कळणार नाही, मग साहेब तिलाच धारेवर धरतील, एवढंच तिच्या मनात.

फाटकावर शिवकन्येनं हात खोल घालून मूठभर काड्या उपसल्या. मशीन लावलं. मागं सात-आठ ट्रॅक्टर उभे होते.

"आक्का, मदली ओली हाय. चार दिस उन्हात पसरा, मंग आणा," ती हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी.

शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

पाचव्या दिवशी कडूबाई वाळलेल्या पऱ्हाटीची ट्रॉली घेऊन गेली. आत रचून ठेवलेल्या एका गंजीतली काडी तिनं मोडून पाहिली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "ही वली गंजी कावून घेतली गं? हीच का तुजी तपासणी?"

शिवकन्येनं मशीन लावलं. गंजी खरंच ओली होती. कडूबाई तिचा चेहरा पडायची वाट बघत राहिली. शिवकन्येनं मात्र मुकादम सुंदररावांना हाक मारली.

"आमच्या आक्काला गंज्या तपासायला ठिवा, साहेब. माजं चुकलं, पर ह्यांच्या हाताला कळतंय."

सुंदररावांनी तिथंच कडूबाईचं नाव लिहून घेतलं. सोमवारपासून ती कामावर रुजू झाली.

रोज सकाळी वाटेत शिवकन्या स्कूटी थांबवते. "बसा की, आक्का."

"जा तू म्होरं. मला पाय हायेत," कडूबाई म्हणते, आणि धुळीतून भराभरा चालू लागते.