चौथी बॅटरी

ती घटना आठवली की आजही राग येतो, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

गंगाखेड तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शुक्रवारी सकाळी हजेरी चालू असतानाच फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, राणीसावरगावच्या बाजूच्या एका गावात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा मिस्त्री घरात बॉम्ब बनवतोय. चार बॅटऱ्या, तारांचं जाळं आणि फिरणारं चाक आपण डोळ्यांनी पाहिलंय. अंमलदाराने ते शब्दशः स्टेशन डायरीत उतरवलं. परभणीहून बॉम्बशोधक पथक मागवून मी निघालो.

मिस्त्री पन्नाशीचा. टेबलावर सायकलचं चाक आडवं बसवलेलं, त्याच्या कडेला लोहचुंबक, शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि दोन बॅटऱ्या. पथकाने तारा कापल्या, सगळं उघडलं आणि स्फोटक काही नाही म्हणून सांगितलं. तरी मी त्याला चौकशीला न्यायचं ठरवलं. त्या दिवशी आठवडी बाजार होता आणि आमची गाडी बाजारापलीकडे उभी होती. दोन शिपायांनी दंड धरून त्याला भर बाजारातून चालवलं. मागून त्याची बायको येत होती. लोक मोबाईलवर चित्रण करत होते. मी कोणालाही अडवलं नाही.

ठाण्यात मी दरडावून विचारलं, हे सगळं कशासाठी? त्याने शांतपणे समजावलं. चुंबक वेटोळ्याजवळ आला की क्षणभर वीज द्यायची, लगेच तोडायची. चाक कमी विजेत फिरत राहतं. तोडताना उलटा झटका येतो, तो दुसऱ्या बॅटरीत भरायचा आणि मग बॅटऱ्यांची अदलाबदल करायची. बरीच वर्षं हाच नाद होता.

"म्हणजे फुकटची वीज?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. जितकी घालतो त्याच्याहून कमीच निघायलीय. रोज मोजून लिहितो."

त्याची वही पंचनाम्यात जप्त होती. पानोपानी आकडे आणि खाली 'आजही कमी'. बुधवारच्या पानावर मात्र लिहिलं होतं, 'चार बॅटऱ्या जोडल्या.' जास्तीच्या दोन त्याने ऑटोवाल्यांकडून एका दिवसापुरत्या आणल्या होत्या आणि संध्याकाळी परत केल्या होत्या. मी डायरी मागवली. फोन करणाऱ्यानेही चारच सांगितल्या होत्या. मग बुधवारी घरात कोण आलं होतं?

मिस्त्री नाव घ्यायला तयार नव्हता. डायरीतली नोंद वाचून दाखवल्यावर बोलला. तालुक्याच्या गावचा एक पंपविक्रेता आला होता. त्याला हे यंत्र 'विजेशिवाय चालणारी मोटार' म्हणून शेतकऱ्यांच्या गळ्यात मारायचं होतं, आणि मिस्त्रीने चारचौघांत तशी खात्री द्यायची होती. मिस्त्रीने वही दाखवून नकार दिला होता.

विक्रेत्याला बोलावलं. त्या गावात कधी पायच ठेवला नाही म्हणाला. मी सहज म्हणालो, फोन करणारा खोटारडा दिसतो, घरात तर दोनच बॅटऱ्या निघाल्या.

"दोन कशाच्या, चार होत्या की," तो बोलून गेला.

मग कबूल झाला. म्हणाला, जरा अद्दल घडावी म्हणून केलं, सुटला असताच की तो. माझं डोकं फिरलं. एका माणसाने खोटं बोलायला नकार दिला, म्हणून याने त्याच्या दारात पोलीस पाठवले होते, आणि ते पोलीस आम्ही होतो. खोटी खबर दिल्याबद्दल त्याच्याविरुद्ध मी न्यायालयात लेखी तक्रार दाखल केली. मिस्त्रीला त्याच संध्याकाळी सोडलं.

दुसऱ्या दिवशी जप्त सामान घेऊन मी त्याच्या घरी माफी मागायला गेलो. तो वही उघडून पानं तपासू लागला. बोलली त्याची बायको.

"तुमी नेलं तवा अख्खा बाजार बघत होता. माफी घरात कशाला मागायला?"

पुढच्या शुक्रवारी मी वर्दीत बाजारात उभा राहिलो. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं की मिस्त्री निर्दोष आहे आणि चूक माझी आहे. थोडे थांबले, बाकीचे भाव करत राहिले. तो हंगाम सरेपर्यंत त्याच्याकडे मोटारी फारशा आल्याच नाहीत.

आमच्या खात्यात निर्दोष माणूस सोडला की कागद पूर्ण होतो. त्याचं गावातलं नाव कोणत्याच कागदावर नसतं, त्यामुळे ते परत करायची जबाबदारीही कोणावर नसते. निवृत्त होईपर्यंत मी पुन्हा कोणालाही चौकशीसाठी गर्दीतून चालवत नेलं नाही. गाडी दाराशी लावायला मला पाच मिनिटं लागली असती.